पानी कोन भरस?

आमचे आबामामा माझ्या घरी येत तेव्हा जेवण आमचं जेवत आणि पाणी स्वतःचं पीत. धुळ्याहून जळगावपर्यंत एसटीत मांडीवर फिरकीचा पितळी तांब्या घेऊन बसत. दोन जिने चढून वर येत, तांब्या भिंतीच्या कडेला ठेवत, आणि माझी बायको निर्मला पाण्याचा पेला घेऊन पुढे आली की तिच्यावर खेकसत, "ने ते मागे! बहिनना घरनं पानी चालस नही. आपलामा रीत शे."

बहिणीच्या घरचं पाणी भावाने पिऊ नये, अशी आमच्यात रीत. माझी आई ही आबामामांची धाकटी बहीण. ती माझ्याकडे राहते, म्हणून माझं घर हे बहिणीचं घर. मी हे इतक्या शांतपणे लिहितो आहे याचं मलाच नवल वाटतं, कारण या रीतीपायी माझं जेवढं रक्त आटलं तेवढं बी.ए.च्या परीक्षेतही आटलं नव्हतं.

रीतीला पोटनियम होते. भाकरी चाले. भरीत चाले. दूध चाले. चहा चाले, पण त्यातलं पाणी त्यांच्या तांब्यातलं हवं. ते स्वतः मोजून अर्धा कप पाणी निर्मलाच्या हातात देत आणि ती दुसरं तर मिसळत नाही ना, म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. एकदा निर्मलाने भीतभीत विचारलं, "मामा, मग वरणात पाणी असतं, ते कसं चालतं?"

"उकळनं की ते पानी ऱ्हास नही," आबामामा म्हणाले. "ते वरण व्हस."

"आणि चहा?"

"तू भलती हुशार शेस," असं म्हणून ते तिच्यावर जे संतापले ते धुळ्याची गाडी धरेपर्यंत.

संताप हा त्यांचा मूळ स्वभाव. ते धुळ्याला नगरपालिकेत वॉलमन होते. गल्लीगल्लीतल्या जमिनीखालच्या लोखंडी झडपा लांब चावीने फिरवून नळाला पाणी सोडायचं, ठरलेल्या वेळी बंद करायचं, ही त्यांची नोकरी. ज्याच्या हातात पाण्याची चावी त्याला सगळं गाव गोड बोलतं. कोणी फरसाण आणून देई, कोणी "आबा, दोन मिनिटं जास्त राहू द्या" म्हणून हात जोडे. आबामामा त्या जोडलेल्या हातांवरही ओरडत. "तुले दोन मिनिटं जास्त, म्हंजे मांगला गल्लीले दोन मिनिटं कमी. मांगला गल्लीनी बाईले जाईसन सांग!"

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं राहिलो. साक्रीच्या पश्चिमेला डोंगराला टेकून आमचं गाव. तिथे शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून बी.ए. होईपर्यंत मी मामांच्या दोन खोल्यांत वाढलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. आज शाळेत मास्तर आहे, तो त्यांच्यामुळे. ज्या दिवशी पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं, त्या दिवशी त्यांनी ते माझ्याकडून हिसकावून घेतलं आणि कचेरीत प्रत्येकाला दाखवून आणलं. परत आलं तेव्हा त्यावर काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेला होता. मी रागावलो. ते उलट माझ्यावर रागावले. "कागदले इतला जपस, नोकरीले कसा जपशी?" तो अंगठा अजून आहे. कुठल्याही साबणाने जात नाही.

त्या रीतीबद्दल माझा मात्र कधी संशय नव्हता. शिकलेल्या माणसाला आपल्या चालीरीतींचा अभिमान असतो. मी तर शाळेच्या वार्षिक अंकात 'आमच्या भागातील काही जुन्या चालीरीती' असा लेखही लिहिला. त्यात बहिणीच्या घरी पाणी न पिण्याच्या रीतीवर अडीच पानं होती. 'या रीतीचा उगम फार प्राचीन असावा' असं वाक्य मी घातलं होतं. मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. आमचा शिपाई दगा याने लेख वाचून आपल्या बहिणीकडे पाणी पिणं बंद केलं. आठवड्याभरात त्याची बहीण एरंडोलहून शाळेत येऊन थडकली आणि शिक्षकांच्या खोलीत उभी राहून गरजली, "तो लेखवाला मास्तर कोनता शे?" मी वह्या तपासत राहिलो.

ही गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. मामी जाऊन दोन वर्षं झाली होती. आबामामा निवृत्त होऊन धुळ्यात एकटे राहत. एक दिवस भरलेली बादली घेऊन मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड वाकडं जुळलं. त्या हाताने आता ना भाकरी थापता येई, ना बादली उचलता येई. मुलगा सुभाष सुरतेला कापडाच्या मागावर कामाला. तो येऊन घेऊन गेला. नवव्या दिवशी आबामामा तांब्यासह परत. का, तर म्हणे, "तठे पान्याले दाब नही."

मी धुळ्याला गेलो आणि म्हटलं, "आबामामा, आता माझ्याकडे चला. कायमचे."

"तुनाकडे पानी चालस नही."

"मग काय धुळ्याहून रोज तांब्या भरून आणायचा?"

"म्हनीसनच सांगस," ते म्हणाले. "माले आश्रम पाह्य. म्हाताऱ्यासना. मी तठे जासू."

माझ्या अंगाची आग झाली. मामा आश्रमात, आणि त्यांच्या जिवावर शिकलेला भाचा जळगावात पंख्याखाली! मी बोललो, आईकडून निरोप धाडला, सुभाषला पत्र लिहिलं. काही उपयोग झाला नाही. उलट त्यांनी बजावलं, "तू नही उना तर मी एकला जासू." शेवटी तीन रविवार मी शाळेचा, घराचा आणि स्वतःचा राग गिळून त्यांच्याबरोबर वृद्धाश्रम बघत हिंडलो.

पहिला धुळ्याच्या बाहेरच. चकचकीत फरशी, दारात रांगोळी, भिंतीवर देणगीदारांची नावं. व्यवस्थापक अगदी मधाळ. "या बाबा, या. इथं सकाळी योगासनं, संध्याकाळी भजन—"

"भजन पेतस का?" आबामामांनी विचारलं. "पानी कोन भरस?"

"अं? पाणी ना? मोटार जरा बिघडली आहे, पण त्याची अजिबात काळजी नको. आमच्या सुपडाबाई आहेत. सगळ्यांच्या खोलीत माठ भरून ठेवतात."

तेवढ्यात सुपडाबाई आल्याच. डोक्यावर एकावर एक दोन हंडे. वय साठीच्या पुढे खास. आबामामांनी वाकड्या मनगटाने तिचा वरचा हंडा धरला. तो अर्धा त्यांच्या धोतरावर सांडला. "हाई बाईले खाटवर झोपाडा," ते व्यवस्थापकावर ओरडले, "आनि तुम्ही भरा पानी! उलटा कारभार!" सुपडाबाई घाबरून म्हणाली, "नका हो बाबा, माझी नोकरी जाईल." त्यावर ते तिच्यावरही ओरडले. व्यवस्थापकाचा मध आटला. आम्ही बाहेर.

दुसरा पारोळ्याजवळ, एका जुन्या धर्मशाळेत. मोकळी जागा, कडुनिंबाची सावली, अंगणात गोड्या पाण्याची विहीर. मला वाटलं, जमलं. आबामामा विहिरीपाशी गेले. दोन म्हाताऱ्या रहाटावर दोर ओढत होत्या. त्या तिथल्याच राहणाऱ्या. पलीकडे ओट्यावर चार म्हातारे पत्ते कुटत बसले होते.

"पानी कोन भरस अठे?"

"बायकांच्या पाळ्या लावल्यात," एक म्हातारा पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. "बस आबा, पाचवा गडी पाहिजेच होता."

"आनि बाप्यासनी पाळी?"

"बाप्ये कुठं पाणी भरतात का? बायकांचं काम ते."

आबामामांनी डाव्या हाताने मांडलेले पत्ते गोळा केले, चौघांच्या हातातलेही हिसकले, आणि सगळा जोड विहिरीत फेकला.

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणणं कमी होईल. एक म्हातारा काठी घेऊन उठला, दुसऱ्याने आमची सात पिढ्यांची विचारपूस केली. दोन्ही म्हाताऱ्या दोर सोडून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी हात जोडत होतो. आणि अचानक आबामामा विहिरीत वाकून बघायला लागले. त्यांचा चेहरा उतरला. पत्त्यांवरचा रंग सुटून पाणी खराब होईल, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं.

"काढ ते," ते मला म्हणाले.

"मी?"

"मना हात मोडेल शे."

शाळेत मला 'सर' म्हणतात. मी धोतर नेसत नाही, विजार घालतो, ती दुमडून मी दीड तास बादली सोडून पत्ते काढले. आबामामा काठावर बसून मोजत होते. एक्कावन्न निघाले. चौकटची राणी काही केल्या येईना. ती बुडी मारून बसली होती. शेवटी ती वर आल्यावरच त्यांनी मला सोडलं. पारोळ्याची शेवटून दुसरी गाडी तोवर गेली होती. गाडीत मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ते मात्र समाधानाने म्हणाले, "हाई बी नापास."

तिसरा नशिराबादच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेला. त्याला आश्रम म्हणायला धाडस लागेल. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, झोळी झालेल्या खाटा, वरणाला वरण का म्हणावं असा प्रश्न पडेल असं वरण. व्यवस्थापक दुपारचा झोपलेला. तो उठलाच नाही. मी दारातूनच म्हटलं, "चला मामा, इथे आपलं काही काम नाही."

पण अंगणात हापसा होता. आणि हापशावर म्हातारे-म्हाताऱ्या आपापल्या बादल्या, डबे घेऊन रांगेत उभे होते. ज्याचं तो हापसत होता. ज्याला जमत नव्हतं त्याचं मागचा हापसत होता.

"पानी कोन भरस?" आबामामांनी एकाला विचारलं.

"ज्याचं तो. कोण भरणार दुसरं?"

आबामामांनी रांगेत उभं राहून, नंबर आल्यावर, डाव्या हाताने हापसा चालवला. चौदा दाबांत बादली भरली. मग ते माझ्याकडे वळले. "पास."

मी त्यांना दंडाला धरून बाहेर रस्त्यावर आणलं. केळीचे ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. त्या धुळीत उभा राहून मी आयुष्यात पहिल्यांदा आबामामांवर ओरडलो. "या गोठ्यात राहणार तुम्ही? धड छप्पर नाही! अकरा वर्षं मी तुमच्या घरचं पाणी प्यालो, तेव्हा नाही आडवी आली रीत? आणि माझ्या घरचा एक पेला तुम्हाला चालत नाही?"

"तू भाचा शे. भाच्यानी पेवो. मामानी नही. रीत शे."

"आग लागो तुमच्या रीतीला!"

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून तांब्या काढला, दाताने फिरकी सैल केली आणि माझ्यापुढे धरला. "पे. घसा सुकना तुना." मी रागारागाने अर्धा तांब्या रिकामा केला. पुढच्याच आठवड्यात ते वळकटी घेऊन तिथे राहायला गेले. मला पोहोचवायलाही येऊ दिलं नाही.

ते गेले त्या संध्याकाळी राग मी आईवर काढला. ती तांदूळ निवडत बसली होती. "तुझ्या भावाची रीत!" मी म्हणालो. "माणूस पत्र्याखाली मरेल, पण रीत सोडणार नाही. कोणी काढली गं ही रीत?"

आई खड्यांकडे बघतच म्हणाली, "आपलामा कोठे शे अशी रीत?"

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"नाही?"

"मना बाप मनी फुईकडे दोन-दोन तांबा पानी पिये," आई म्हणाली. म्हणजे माझे आजोबा स्वतःच्या बहिणीच्या घरी खुशाल पाणी पीत होते.

मग तिने सांगितलं. तिचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. चैत्रात आबामामा पहिल्यांदा तिला बघायला आले. साक्रीला एसटीतून उतरून चालत निघाले. आमच्या गावाला उन्हाळ्यात पाणी नदीच्या कोरड्या पात्रात खोदलेल्या झिऱ्याचं. वाटीवाटीने हंडा भरायचा आणि तो डोक्यावर घेऊन टेकडी चढायची. आबामामांना आई त्या चढावर भेटली. अनवाणी, डोक्यावर हंडा, मान दबलेली. ते मागोमाग चालत घरी आले. आईने त्याच हंड्यातलं पाणी तांब्यात काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ओठ सुकून पांढरे झालेले होते त्यांचे. ते म्हणाले, आमच्यात बहिणीच्या घरचं पाणी पीत नाहीत. आईची सासू खूष झाली. मोठं घराणं दिसतं, म्हणाली.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"मंग? मना भाऊ शे तो." आईने सूप हलवलं. "तो खोटं बोलना, मी खरं मानी लिधं."

चौतीस वर्षं. चौतीस वर्षं दोघांनी ती रीत पाळली. एकाने ती काढली म्हणून, दुसरीने ती ओळखली म्हणून. आणि मी तिचा प्राचीन उगम शोधत अडीच पानं लिहिली.

निर्मला दारात उभी होती. हळूच म्हणाली, "म्हणून ते दर वेळी जिन्यात थांबवून मला विचारायचे, तुला रोज किती हंडे लागतात."

आमच्या घरमालकाने नळ वर नेलेला नव्हता. तो तळमजल्यावर, जिन्याखाली. पाणी साडेसहाला येई. माझी शाळा सातला. त्या अर्ध्या तासात मी दाढी करत असे आणि निर्मला दोन जिने हंडे चढवत असे. सहा वर्षं मी ते आरशातून बघत होतो. आबामामांना पहिल्याच खेपेला दिसलं. सुरतेलाही दाबाचं निमित्त होतं. तिथे सुभाषची बायको कडेवर पोर घेऊन टँकरमागे धावत असे, ते त्याने मला पत्रात लिहिलं होतं आणि मी वाचून घडी करून ठेवलं होतं.

त्या रात्री मला आबामामांचा राग आला नाही. जो आला तो स्वतःचा, आणि तो सांगण्यासारखा नाही.

घर शोधायला पाच आठवडे लागले. घरं दाखवणारे लोक हवा दाखवत, उजेड दाखवत, शेजार दाखवत. मी सगळ्यांना एकच विचारत होतो, नळ कुठे आहे, आणि माझ्या आवाजाला नको ती धार येत होती. दोघांनी मला तोंडावर तापट म्हटलं. अखेर जुन्या वस्तीत तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. बाहेरच्या खोलीला ओल होती. पण नळ दारात.

नशिराबादला गेलो तेव्हा आबामामा हापशापाशीच होते. त्यांनी रांग शिस्तीत लावली होती. मधे घुसणाऱ्या एका म्हाताऱ्याची हजेरी चालली होती. मला पाहून म्हणाले, "हापसाना वायसर गयेल शे. चामड्यानं वायसर लई ये म्हनत होतो, तू रिकाम्या हातनी उना."

"आबामामा, मी घर बदललं. तळमजला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नळ दारात आहे," मी म्हणालो.

"दाब कसा शे?"

"बरा आहे."

मला माहीत होतं पुढचा प्रश्न कोणता, आणि तो त्यांनी विचारलाच. "पानी कोन भरस?"

"मी भरतो."

"आनि शाळा?"

"शाळेआधी भरून होतं. वीस मिनिटं लागतात."

"वीस? कितला हंडा?" असं म्हणून ते मी पाणी कसं चुकीचं भरतो यावर संतापले आणि संतापतच वळकटी बांधायला गेले. निघताना तिथल्या एका म्हातारीला बजावलं, "मंगळवारले वायसर लई येसू. तोपावत जोरबन हापसू नका."

जळगावला उतरलो. घरात शिरण्याआधी त्यांनी दारातला नळ सोडून पाहिला, कान देऊन ऐकला, घट्ट बंद केला. आत येऊन तांब्या भिंतीच्या कडेला ठेवला. निर्मला सवयीने मागे सरकली.

आई उठली. नळाखाली पेला धरून तिने तो भरून आणला आणि भावापुढे उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने त्यांना पाणी विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आबामामा म्हणाले, "बहिनना घरनं—"

"नळनं शे, भाऊ," आई म्हणाली. "डोकावरनं नही."

आबामामांनी दारातल्या नळाकडे पाहिलं. मग डाव्या हाताने पेला घेतला आणि एका दमात संपवला. रिकामा पेला उलटा करून पाहिला. कपाळावर नेहमीची आठी चढली.

"अर्धाच पेला भरस?" ते तिच्यावर खेकसले. "आजून आन."